फोन हलवला की खुळखुळतो

प्रश्न : मोखाड्याहून रोज दुचाकीने जव्हारला जातो. नवा फोन हलवला की आतून खुळखुळतो. बिघाड आहे का?

उत्तर : फोन कानाशी धरून हलवा, मग कॅमेरा सुरू करून पुन्हा हलवा. आवाज थांबला तर निर्धास्त राहा. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून काही फोनांत कॅमेऱ्याचे भिंग तरंगते ठेवतात; कॅमेरा बंद असताना ते सैल असते, चालू होताच चुंबकाच्या ओढीने जागेवर बसते. आवाज कायम राहिला, फोटो थरथरू लागले किंवा फोन पडल्यावर खुळखुळ सुरू झाली असेल, तर वॉरंटीतच अधिकृत सेवा केंद्रात दाखवा. कळकळीने सांगतो, घाटात फोन हँडलच्या स्टँडवर लावू नका. इंजिनाच्या कंपनांनी हीच यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला आहे. फोन खिशात ठेवा.