‘प्रेझेंटली’ : एका इंग्रजी क्रियाविशेषणाची कुळकथा

शासकीय इंग्रजी पत्रव्यवहारात ‘प्रेझेंटली’ हे क्रियाविशेषण आपल्याकडे ‘सध्या’ या अर्थाने योजले जाते. इंग्लंडमध्ये त्याचा रूढ अर्थ प्रामुख्याने ‘थोड्या वेळाने’ असा आहे. हा भेद त्या शब्दाच्या कुळातूनच आलेला आहे.

लॅटिनमध्ये ‘प्रे’ म्हणजे पुढे व ‘एस्से’ म्हणजे असणे. समोर असलेले ते ‘प्रेझेंट’. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याला जोडलेला ‘ली’ हा प्रत्यय मात्र अस्सल इंग्रजी असून, त्याचे मूळ ‘शरीर’ या अर्थाच्या एका प्राचीन शब्दात आहे.

सोळाव्या शतकात ‘प्रेझेंटली’चा प्रचलित अर्थ ‘तत्काळ’ असा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलात अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळते, म्हणजे तत्क्षणी. पुढे ‘तत्काळ’चे ‘थोड्या वेळाने’ झाले. ‘सून’ आणि ‘अनॉन’ या शब्दांचीही हीच गत झाली; दोहोंचा मूळ अर्थ ‘लगेच’. बोलणाऱ्यांची दिरंगाई शब्दांच्या अर्थात उतरली. ‘आलोच’ म्हणून तासाभराने येणारे गृहस्थ आपल्याकडेही अपरिचित नाहीत! ‘सध्या’ हा जुना अर्थ स्कॉटलंड व अमेरिकेत मात्र टिकून राहिला.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत व मुंबई येथील सतराव्या शतकातील कागदपत्रांच्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एखादे गलबत ‘प्रेझेंटली’ रवाना करण्याची सूचना त्यांत आढळल्यास, तिचा अर्थ बहुधा ‘ताबडतोब’ असा घ्यावा लागेल. ‘यथावकाश’ असा अनुवाद केल्यास हुकुमाची निकडच नाहीशी होईल.