हिरवी दिसते, पण जिवंत आहे का? मोरपंखीची निगा

मैत्रिणींनो, शाळेत असताना वहीत जपून ठेवलेलं विद्येचं पान आठवतं ना? तेच हे मोरपंखीचं झाड. बुटकं, गोलसर, बारा महिने हिरवं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन कुंड्या ठेवल्या की घर कसं भरल्यासारखं वाटतं. म्हणून आपण हौसेनं घेतो, आणि वर्षाच्या आत ते तपकिरी पडतं. मग "पाणी कमी पडलं" असं म्हणून दुसऱ्या रोपाला दुप्पट पाणी घालतो. तेही जातं.

खरं कारण बहुतेक वेळा उलटं असतं. मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची, खडकाळ उतारावर वाढणारी. पाणी आलं आणि वाहून गेलं, अशा जागेची तिच्या मुळांना सवय. आपल्या पवनारची काळी माती पऱ्हाटीला आणि तुरीला चांगली, कारण ती ओल धरून ठेवते. तीच माती कुंडीत भरली की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात.

आणि इथंच हे झाड फसवतं. वांग्याचं किंवा मिरचीचं झाड आजारी पडलं की दुपारी मान टाकतं, आपल्याला कळतं. मोरपंखी मान टाकत नाही. मुळं कुजल्यावरही ती कित्येक दिवस हिरवीच दिसते. श्रावणात बिघडलेलं रोप दिवाळीच्या सुमारास तपकिरी होतं आणि आपण थंडीला दोष देतो. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. एक बारीक फांदी वाकवून बघा. जिवंत असेल तर लवते, मेलेली कटकन मोडते. खोडाची साल नखानं जरा खरवडा. आत ओलसर हिरवं असेल तर जीव आहे. रोप विकत घेतानाही हे बघायला लाजू नका, पैसे आपले आहेत. आतल्या बाजूची थोडी जुनी पानं वाळून गळतात, त्याची मात्र काळजी नको. शेंडे फिके पडले तर काळजी करायची.

माती अशी करा: एक घमेलं माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत. घरकुलाच्या कामातून उरलेली रेती चालते, पण धुऊन घ्या. कुंडी मातीची, 12 इंची, बुडाला छिद्र असलेली. छिद्रावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा. बाहेरून येणारी पुष्कळ रोपं लाल चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच पुरला तर आतली मुळं बाहेर येत नाहीत. गोळा भिजवून कडेची माती हलक्या हातानं मोकळी करा, मगच लावा. हे काम पावसाळ्यात करा, उन्हाळ्यात अजिबात नको.

पाण्याला वेळापत्रक नाही, बोट आहे. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर बुडातून पाणी निघेपर्यंत घाला, ओलं लागलं तर परत जा. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका.

उन्हाचं तंत्रही समजून घ्या. एरवी या झाडाला भरपूर ऊन लागतं. खोलीत ठेवलं तर विरळ होतं. पण एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः नवतप्यात, दुपारचं ऊन आणि तापलेली सिमेंटची भिंत दोन्ही टाळा. कुंडी पूर्वेच्या बाजूला सरकवा, वर तुराट्यांचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा करा. याच दिवसांत लाल कोळी येतो. तो डोळ्यांना नीट दिसत नाही. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. बारीक ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं फांद्या आतून-खालून धुवा. पुरलं नाही तर संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून फवारा. गंधक कोळ्यावर चालतं, पण कडक उन्हाळ्यात ते पानं जाळतं.

छाटणी फक्त हिरव्या शेंड्यांची. पानं नसलेल्या तपकिरी लाकडापर्यंत कात्री नेली तर तिथून परत फूट येत नाही, भगदाड कायमचं राहतं. आणि हो, शेळी या नियमाला मानत नाही. कुंपणाच्या आत ठेवा.

काही गटांत रोपं तयार करून विकायचा विचार आहे, म्हणून दोन गोष्टी. एक, बुटकं झाड हवं असेल तर बियांच्या नादी लागू नका. बियांची रोपं आईसारखी बुटकी राहतीलच असं नाही. पावसाळ्यात चार इंची फांदी खाली ओढून काढा, म्हणजे जुन्या सालीचा तुकडा सोबत येतो. खालची पानं काढा, कृषी केंद्रात मिळणारी मुळं फुटण्याची पावडर लावा आणि सावलीत रेतीत खोचा. मुळं फुटायला दोन-तीन महिने लागतात, कधी जास्तही. सगळ्या काड्या लागत नाहीत.

दुसरी गोष्ट पैशाची. काडीपासून विकण्याजोगं भरदार रोप व्हायला दोन वर्षं तरी धरा. समजा, गटातून 5,000 रुपये शेकडा दोन रुपये महिना व्याजानं घेतले. मुद्दल तसंच राहिलं तर दोन वर्षांत व्याजच 2,400 होतं, आणि हप्ता तर पुढच्याच महिन्यापासून सुरू. म्हणून माझं मत असं की नुसत्या मोरपंखीवर कर्ज काढू नये. तुळस, कढीपत्ता, मोगरा अशी लवकर विकली जाणारी रोपं सोबत ठेवा, हप्ता त्यांच्यातून निघू द्या. पहिल्या वर्षी पन्नासच काड्या लावा. किती लावल्या, किती जगल्या आणि उन्हाळ्यानंतर किती उरल्या, हे तीन आकडे वहीत लिहा, आणि दुसऱ्या वर्षीचं कर्ज बैठकीत मागताना ती वही सोबत न्या.