वैमानिकाचे शिक्षण आणि आयकरातील सवलत

१ ऑक्टोबर २०१७ रोजी आपल्या जिल्ह्यात काकडी येथे शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून विमान ही नुसती मान वर करून पाहण्याची वस्तू राहिलेली नाही. 'आपला मुलगा किंवा मुलगी वैमानिक का होऊ नये?' हा प्रश्न आता शेतकऱ्याच्या घरातही निघू शकतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी त्याची खर्चाची व कराची बाजू तपासण्याचे ठरविले.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. बारामती, गोंदिया अशा ठिकाणी हे शिक्षण मिळते. खर्च चाळीस लाखांच्या घरात सहज जातो. सरकार यात काही सूट देते काय?

प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. शिक्षणाचा खर्च आणि शिक्षणाच्या कर्जावरील व्याज या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत. नोकरी लागल्यावर वैमानिकाला पूर्वीच्या शिक्षणाचा खर्च पगारातून वजा करता येत नाही. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०-ई ने सवलत दिली ती व्याजाला. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे सर्व व्याज उत्पन्नातून वजा होते; रकमेला मर्यादा नाही, मुदत मात्र व्याज भरू लागल्यापासून आठ वर्षांची. मुद्दलाला ही सवलत नाही, पाहुण्यारावळ्यांकडून केलेल्या उसनवारीलाही नाही. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमातही ही तरतूद ठेवलेली आहे.

आता आपल्या भागाचा विचार करू. ज्याने जमीन विकून पैसे उभे केले त्याला व्याजच नाही, म्हणून सवलतही नाही. बापाने आपल्या एकट्याच्या नावावर कर्ज काढले आणि त्याचे उत्पन्न केवळ शेतीचे असले, तर ते उत्पन्न मुळातच करमुक्त आहे. ज्याला करच नाही त्याला सवलत कसली? म्हणून कर्जात विद्यार्थी स्वतः कर्जदार असणे महत्त्वाचे ठरते. शिकत असतानाच त्याने व्याज भरण्यास आरंभ केला, तर आठांपैकी ती वर्षे उत्पन्नाविना निघून जातात. न भरले तर व्याज साचत जाते. दोन्हींचा हिशेब आधीच मांडावा.

नोकरी लागल्यावरचे चित्रही पाहू. समजा, पगार वर्षाला १८ लाख आणि व्याज ४ लाख आहे. २०२५-२६ च्या दरांप्रमाणे जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट व हे व्याज वगळता १३.५ लाख उरतात. उपकरासह कर होतो २,२६,२०० रुपये. नव्या पद्धतीत व्याजाची वजावट नाही, प्रमाणित वजावट ७५ हजारांची आहे. तरीही कर होतो १,५०,८०० रुपये. कलम ८०-सी ची दीड लाखांची पूर्ण वजावट घेतली तरी जुन्या पद्धतीत १,७९,४०० रुपये भरावे लागतातच. म्हणजे सवलत कायद्यात आहे, पण या उदाहरणात ती घेणाराच तोट्यात जातो!

खरा दिलासा मला दुसरीकडे दिसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थांचे मान्यताप्राप्त उड्डाण-अभ्यासक्रम वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत, असे जीएसटी परिषदेच्या सप्टेंबर २०२४ मधील बैठकीनंतर परिपत्रकाने स्पष्ट करण्यात आले. ही सूट जमीन विकणाऱ्यालाही मिळते आणि कर्ज काढणाऱ्यालाही. तिच्यासाठी आधी करपात्र उत्पन्न असावे लागत नाही. म्हणून प्रवेश घेताना संस्थेची व अभ्यासक्रमाची मान्यता पाहावी आणि शुल्काच्या पावतीत हा कर लावला आहे काय, हेही तपासावे.

माझ्या मते सवलतीची कसोटी एकच : जिच्या आधारावाचून शिक्षण अडेल, त्या घरापर्यंत ती पोहोचते काय? व्याजाची वजावट या कसोटीला उतरत नाही. आकाश सर्वांना सारखेच मोकळे असले, तरी धावपट्टीपर्यंतचा रस्ता अजून प्रत्येकाला आपल्याच खर्चाने बांधावा लागतो.