विद्युत पिकअपचा खरा पल्ला आणि चार्जिंगचा खर्च : खरेदीपूर्वी करावयाचा हिशेब

शेतातून बाजार समितीत, संकलन केंद्रावर किंवा थेट ग्राहकाकडे शेतमाल पोहोचविण्यासाठी देशभर छोट्या मालवाहू गाड्यांचा, म्हणजेच पिकअपचा, वापर होतो. डिझेलचा खर्च वाचावा या हेतूने अनेक प्रगतिशील शेतकरी व शेतकरी उत्पादक कंपन्या विजेवर चालणाऱ्या पिकअपचा विचार करू लागल्या आहेत. माहितीपत्रकात दोन आकडे ठळकपणे दिलेले असतात : एका चार्जिंगमध्ये गाठता येणारा पल्ला आणि प्रति किलोमीटर खर्च. हे आकडे खोटे नसतात. मात्र ज्या परिस्थितीत ते मोजलेले असतात, ती परिस्थिती शेतरस्त्यावर क्वचितच आढळते. टोमॅटो, पालेभाजी किंवा दूध घेऊन पहाटे निघालेली गाडी वाटेत थांबली, तर केवळ भाडे बुडत नाही; माल खराब होतो आणि त्या दिवसाचा भावही हातचा जातो. म्हणून माहितीपत्रकातील आकड्यावर नव्हे, तर स्वतःच्या मार्गावर, स्वतःच्या मालासह मोजलेल्या ‘प्रति किलोमीटर युनिट’ या एका आकड्यावर खरेदीचा निर्णय घेणे हितावह ठरते.

प्रमाणित पल्ला म्हणजे काय?

भारतात विद्युत वाहनाचा पल्ला एआयएस-०४० या मानकातील पद्धतीने मोजला जातो. पुण्यातील एआरएआय ही अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था आहे. चाचणीत गाडी ठरावीक वेगचक्रानुसार चालविली जाते. तेथे खड्डे, घाट, समोरचा वारा किंवा क्षमतेपेक्षा अधिक भरलेले क्रेट नसतात. दोन वेगवेगळ्या गाड्यांची एकाच कसोटीवर तुलना करण्यासाठी हा आकडा उपयुक्त असतो. रोजच्या फेरीचे नियोजन करण्यासाठी मात्र तो पुरेसा नाही.

उदाहरणादाखल मे २०२२ मध्ये सादर झालेली टाटा एस ईव्ही ही गाडी घेता येईल. तिची बॅटरी २१.३ युनिटची (किलोवॉट-तास), भारवहन क्षमता ६०० किलो आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर असा जाहीर झाला होता. २१.३ ला १५४ ने भागल्यास प्रति किलोमीटर सुमारे ०.१४ युनिट हा चाचणीतील वापर निघतो. भार, वेग व चढ वाढताच हा वापर ०.१८ ते ०.२२ युनिटपर्यंत जाऊ शकतो आणि त्याच प्रमाणात पल्ला घटतो.

ही बाब केवळ छोट्या गाड्यांपुरती मर्यादित नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या मोठ्या विद्युत पिकअपचा प्रमाणित पल्ला बॅटरीच्या आकारानुसार सुमारे ३७० ते ५१५ किलोमीटर होता. जड ट्रेलर ओढताना तोच पल्ला निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, असे तेथील चाचण्यांत दिसून आले. बॅटरी कितीही मोठी असली, तरी भार आणि हवेचा अवरोध यांचा हिशेब तिला चुकत नाही.

पल्ला कमी करणारे घटक

१. भार : टायर व रस्ता यांमधील अवरोध एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो. २५ किलोचे २४ क्रेट भरले की ६०० किलोची मर्यादा पूर्ण होते. त्यावर आणखी क्रेट रचल्यास पल्ला घटतोच, शिवाय ब्रेक, टायर व विमा यांबाबतही धोका निर्माण होतो. टायरमधील हवा कमी असेल, तर हा अवरोध आणखी वाढतो.

२. वेग : हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर केल्यास हा अवरोध सव्वादोन पट होतो. हौद्याच्या कडांपेक्षा उंच रचलेला माल व फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालतात.

३. चढ : एक टन वजन १०० मीटर उंच नेण्यासाठी सैद्धांतिकदृष्ट्या ०.२७ युनिट लागते. मोटर व इतर भागांतील व्यय धरता ते सुमारे ०.३२ युनिट होते. हे सूत्र कोणत्याही घाटासाठी वापरता येते.

४. तापमान : कडक उन्हात बॅटरी तापल्यास नियंत्रण प्रणाली चार्जिंगचा वेग किंवा मोटरची शक्ती कमी करू शकते. काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशातील सफरचंद पट्ट्यात हिवाळ्यात याउलट अडचण येते. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज स्वीकारण्यास संथ होते आणि उपयोगी ऊर्जाही कमी मिळते.

५. अन्य वापर : हौद्यावर छोटा शीतकक्ष बसवून तो गाडीच्याच बॅटरीवर चालविल्यास त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. दीड किलोवॉटचे यंत्र सलग पाच तास चालले, तर साडेसात युनिट खर्च होतात. २१.३ युनिटच्या बॅटरीचा हा एक तृतीयांशाहून अधिक भाग होय.

घाटाचे उदाहरण : कुन्नूर ते मेट्टुपालयम

तमिळनाडूतील निलगिरी पर्वतावर पिकणारा बटाटा व भाजीपाला घाट उतरून मेट्टुपालयमच्या बाजारात येतो. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५ मीटरवर, तर कुन्नूर १७०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. म्हणजे दोहोंत सुमारे १४०० मीटरचा फरक आहे. रिकाम्या गाडीचे वजन चालकासह १.२ टन धरल्यास केवळ हा चढ चढण्यासाठी १.२ × १४ × ०.३२, म्हणजे सुमारे ५.४ युनिट लागतात. तीच गाडी खते भरून, एकूण १.८ टन वजनाने वर न्यावयाची असेल, तर ८ युनिट लागतात. रस्त्यावरील नेहमीचा वापर याखेरीज असतो. रस्ता तोच आणि अंतरही तेच. भार कोणत्या दिशेने जातो यावर खर्च बदलतो.

उतारावर मोटर जनित्राप्रमाणे काम करते व काही ऊर्जा बॅटरीत परत येते. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली, बॅटरी पूर्ण भरलेली असताना परत येणारी ऊर्जा साठविण्यास जागा नसते. अशा वेळी मोटरचा रोध कमी मिळतो आणि सर्व ताण यांत्रिक ब्रेकवर पडतो. म्हणून घाटमाथ्यावरून भरलेली गाडी निघणार असेल, तर बॅटरीत थोडी जागा राखावी. दुसरी, घाट उतरल्यावर फलकावरील उरलेला पल्ला भरघोस दिसतो. तो उतारावरील अल्प वापरावरून काढलेला अंदाज असू शकतो. त्यावर विसंबून पायथ्याशी आणखी दोन फेऱ्या घेतल्यास परतीच्या चढाला ऊर्जा अपुरी पडते.

कामाचा पल्ला कसा काढावा?

बॅटरीतील किमान २० टक्के ऊर्जा राखीव मानावी. बंद पडलेला पूल, बाजारातील रांग किंवा बदललेला मार्ग यांसाठी ती लागते. २१.३ युनिटच्या बॅटरीत नियोजनासाठी सुमारे १७ युनिट उरतात. त्यानुसार :

• वापर प्रति किमी ०.१४ युनिट असल्यास : सुमारे १२१ किमी
• वापर प्रति किमी ०.१८ युनिट असल्यास : सुमारे ९४ किमी
• वापर प्रति किमी ०.२० युनिट असल्यास : ८५ किमी
• वापर प्रति किमी ०.२२ युनिट असल्यास : सुमारे ७७ किमी

हा पल्ला जाऊन-येऊनचा समजावा. बाजारात चार्जिंगची खात्रीशीर सोय नसेल, तर ०.२० युनिट वापर असलेल्या गाडीसाठी ४० किलोमीटरच्या आतील बाजारच सुरक्षित ठरतो. कालांतराने बॅटरीची क्षमता घटते. त्यामुळे पहिल्याच वर्षी जेमतेम पुरणारा पल्ला पुढे अपुरा पडेल, हेही गृहीत धरावे.

चार्जिंग : वेळ, जोडणी आणि नियम

घरगुती १५ अँपिअरच्या सॉकेटमधून बॅटरीत ताशी साधारण ३ युनिट जातात. म्हणजे रिकामी बॅटरी भरण्यास सुमारे सात तास लागतात. रात्री तीन तास वीजपुरवठा खंडित झाला, तर उरलेल्या चार तासांत १२ युनिट, म्हणजे ०.२० युनिट वापराने ६० किलोमीटरपुरतीच ऊर्जा मिळते. पहाटेच्या लिलावाला जाणाऱ्यांनी आपल्या गावातील भारनियमनाच्या वेळा आधी तपासाव्यात.

गाडीसाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती-संरक्षक स्विच (आरसीसीबी) आणि योग्य अर्थिंग असावे. लांबलचक एक्स्टेन्शन वायर वापरू नये. ती तापून आग लागण्याचा संभव असतो. फेरीवरून आलेली गाडी काही वेळ सावलीत थंड होऊ देऊन मग चार्जिंगला लावणे बॅटरीच्या आयुष्यासाठी चांगले.

कृषिपंपाच्या सवलतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करण्याचा मोह टाळावा. मंजूर कारणाखेरीज अन्य कारणासाठी वीज वापरणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्यावर लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. काही रुपयांच्या बचतीसाठी पंपाची जोडणी अडचणीत आणणे परवडणारे नाही. घराच्या किंवा कार्यालयाच्या विद्यमान जोडणीवर मात्र गाडी चार्ज करता येते. तसेच विद्युत वाहनाचे चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे शेतकरी उत्पादक कंपनीला आपल्या संकलन केंद्रावर वीजविक्रीच्या परवान्याविना चार्जिंग केंद्र उभारता येते. त्यासाठी सुरक्षा व तांत्रिक मानके मात्र पाळावी लागतात.

खर्चाचा हिशेब

बॅटरीत जाणाऱ्या युनिटांपेक्षा घरच्या मीटरवर पडणारी युनिटे १० ते १५ टक्के अधिक असतात. खर्च नेहमी मीटरवरील युनिटांवरून काढावा. पुढील दर केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने तेथे आपल्या राज्यातील दर घालावेत.

• डिझेल पिकअप : ९० रुपये लिटर, प्रति लिटर १६ किमी, खर्च प्रति किमी ५.६३ रुपये
• विद्युत पिकअप, घरी चार्जिंग : प्रति किमी मीटरवर ०.२३ युनिट, दर ८ रुपये. खर्च प्रति किमी १.८४ रुपये
• विद्युत पिकअप, सार्वजनिक जलद चार्जिंग : प्रति किमी ०.२१ युनिट, शुल्क व करासह दर १८ रुपये. खर्च प्रति किमी ३.७८ रुपये

आता विद्युत गाडीची किंमत डिझेल गाडीपेक्षा ३ लाख रुपयांनी अधिक आहे, असे मानू. वर्षातील ३०० दिवस रोज ६० किमी, म्हणजे १८,००० किमी गाडी चालली, तर घरच्या चार्जिंगवर वर्षाला सुमारे ६८,२०० रुपये वाचतात आणि जादा किंमत साधारण साडेचार वर्षांत वसूल होते. तीच गाडी पूर्णपणे सार्वजनिक चार्जिंगवर चालविल्यास बचत ३३,३०० रुपयांवर येते व वसुलीस नऊ वर्षे लागतात. आणि गाडी केवळ हंगामात, १५० दिवस रोज २० किमी चालणार असेल, तर घरी चार्ज करूनही वर्षाला जेमतेम ११,४०० रुपये वाचतात. अशी गाडी आपली जादा किंमत २६ वर्षांतही वसूल करीत नाही. देखभालीतील बचत व कर्जावरील व्याज यांनी हे आकडे पुढेमागे होतील. परंतु चित्र तेच राहते. विद्युत गाडी उभी राहिली की पैसे वाचवीत नाही. म्हणून एकट्या अल्पभूधारकापेक्षा वर्षभर रोज फेरी असणारे दूध संकलन केंद्र, भाजीपाला उत्पादक गट किंवा उत्पादक कंपनी यांना ती लवकर परवडते.

चार्जिंग कधी करावे यालाही महत्त्व आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर वेळेत सार्वजनिक चार्जिंग केंद्रांना तुलनेने स्वस्त दराने वीज देण्याची तरतूद आहे. सकाळची फेरी संपवून दुपारी गाडी उभी राहत असेल, तर केंद्रचालकाकडे या वेळेतील दराची चौकशी अवश्य करावी. छतावर सौर संच असणाऱ्या संकलन केंद्रांनाही हीच वेळ सोयीची असते.

प्रत्यक्ष चाचणी : सात दिवसांची नोंद

विस्तार कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून चाचणीसाठी गाडी मिळवून किंवा परिसरातील एखाद्या मालकाच्या सहकार्याने पुढील प्रात्यक्षिक घ्यावे.

१. चार्जिंगच्या वायरवर स्वतंत्र सब-मीटर बसवावा.
२. गाडी पूर्ण चार्ज करून मीटरचे वाचन व गाडीचे किलोमीटर लिहून घ्यावेत.
३. नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या वेळी, वजन केलेल्या मालासह फेरी करावी. परतीला गाडी रिकामी होती की भरलेली, हेही नोंदवावे.
४. परतल्यावर गाडी पुन्हा पूर्ण चार्ज करून मीटरवरील वाढलेली युनिटे लिहावीत.
५. युनिटांना किलोमीटरने भागावे. असे सात दिवस करून सरासरी आणि सर्वाधिक वापर असे दोन्ही आकडे काढावेत.

खर्चाच्या हिशेबासाठी सरासरी आकडा घ्यावा. पल्ल्याच्या नियोजनासाठी मात्र सर्वाधिक वापराचा आकडा घ्यावा. कारण गाडी सरासरीच्या दिवशी नव्हे, तर सर्वांत कठीण दिवशी थांबते. पल्ल्यासाठी मीटरचा आकडा थेट वापरल्यास चार्जिंगमधील व्यय त्यात आलेला असल्याने अंदाज थोडा कमी येतो. ही चूक सुरक्षित बाजूची आहे. शक्य असल्यास उन्हाळा आणि पावसाळा अशा दोन हंगामांत नोंद घ्यावी. चिखलाच्या रस्त्यावर वापर वाढतो.

निष्कर्ष

दैनंदिन फेरी निश्चित, अंतर मर्यादित, चार्जिंग घरी किंवा केंद्रावर आणि वापर वर्षभर, या चार अटी पूर्ण होत असतील, तर विद्युत पिकअप शेतमाल वाहतुकीचा खर्च लक्षणीयरीत्या घटवू शकते. यांपैकी एकही अट सुटत असेल, तर सात दिवसांच्या नोंदवहीतील आकडे पाहूनच पुढचे पाऊल टाकावे. कर्जाचा हप्ता माहितीपत्रकातील पल्ल्यावर नव्हे, तर प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरवर फेडला जातो.