जोडप्यांची परीक्षा : एका खेळाचा मानसशास्त्रीय विचार

लग्नाचा वाढदिवस, हळदीचा समारंभ, डोहाळजेवण किंवा सोसायटीचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगी हल्ली एक खेळ हमखास खेळला जातो. नवरा-बायकोला पाठीला पाठ लावून बसवतात, दोघांच्या हाती कागद किंवा पाटी देतात आणि सूत्रसंचालक प्रश्न विचारू लागतो. वहिनींचा आवडता रंग कोणता? भाऊजींना कोणती भाजी ताटात चालत नाही? भांडण झाले की आधी कोण बोलते? उत्तरे जुळली की टाळ्या, न जुळली की हशा. शेवटी ज्यांची उत्तरे सर्वांत जास्त जुळली त्यांना ‘आदर्श जोडपे’ म्हणून बक्षीस देण्यात येते.

खेळ म्हणून यात वावगे काहीच नाही. परंतु ते बक्षीस देताना आपण नकळत दोन विधाने करीत असतो. ज्यांचे गुण जास्त ते एकमेकांना अधिक ओळखतात, हे पहिले विधान. आणि जे अधिक ओळखतात त्यांचे प्रेम अधिक, हे दुसरे. ही दोन्ही विधाने तपासून घेण्यासारखी आहेत. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर हा खेळ म्हणजे घरबसल्या मिळालेली प्रयोगशाळाच होय. हा खेळ नेमके काय मोजतो, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाची पार्श्वभूमी

या खेळाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती दूरचित्रवाणीमुळे. ११ जुलै १९६६ रोजी अमेरिकेत एबीसी या वाहिनीवर ‘द न्यूलीवेड गेम’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे निर्माते चक बॅरिस आणि सूत्रसंचालक बॉब युबँक्स. चार नवविवाहित जोडपी त्यात भाग घेत. आधी बायकांना आत पाठवून नवऱ्यांना प्रश्न विचारले जात. मग बायका बाहेर येऊन त्याच प्रश्नांची उत्तरे देत. पुढच्या फेरीत नवरे आत जात. पहिल्या फेरीत प्रत्येक जुळलेल्या उत्तराला ५ गुण, दुसऱ्या फेरीत १० आणि शेवटच्या प्रश्नाला २५ गुण असत. इंग्लंडमध्ये ‘मिस्टर अँड मिसेस’ हा असाच कार्यक्रम डेरेक बेटी यांनी अनेक वर्षे चालविला. तेथे जोडीदाराला ध्वनिरोधक कोठडीत बसवीत, म्हणजे बाहेरचे उत्तर त्याच्या कानावर पडत नसे.

या कार्यक्रमांतील एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बक्षीस जुळलेल्या उत्तरांना असले, तरी प्रेक्षकांची करमणूक होई ती न जुळलेल्या उत्तरांनी. नवऱ्याचे उत्तर ऐकून बायकोचा चेहरा उतरतो, ती हातातला पुठ्ठा त्याच्या डोक्यात मारते, आणि सभागृह हसते. म्हणजे प्रश्नांची निवड दोघांची ओळख मोजण्यासाठी झालेलीच नव्हती. ती दोघांची फजिती करण्यासाठी झालेली होती. आपल्याकडच्या समारंभातील खेळातही हा वारसा उतरला आहे.

आपल्या जुन्या लग्नविधीतील खेळांशी याची तुलना केली तर फरक चटकन ध्यानात येतो. एकाने मुठीत सुपारी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने ती सोडवायची, एकाने दातांत धरलेला विडा दुसऱ्याने तोडायचा, एकमेकांना हळद लावायची, नाव घ्यायचे. ज्या काळात वधूवर लग्नापूर्वी एकमेकांशी धड बोललेलेही नसत, त्या काळचे हे खेळ. ‘तू याला किती ओळखतेस?’ हा प्रश्न तेव्हा विचारण्यात अर्थच नव्हता. त्या खेळांचे काम दोघांतील संकोच घालविण्याचे होते. ते ओळख करून देणारे खेळ होते. आजचा खेळ ओळखीची परीक्षा घेतो. आणि परीक्षा म्हटली की गुण बरोबर दिले जातात की नाही, हा प्रश्न ओघानेच येतो.

एका आकड्यात तीन गोष्टी

या प्रश्नाचा मूलगामी विचार ली क्रॉनबॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली केला. त्या काळी ‘दुसऱ्याला ओळखण्याची शक्ती’ मोजणाऱ्या पुष्कळ चाचण्या निघाल्या होत्या. एखाद्या व्यक्तीने आपल्याविषयी दिलेली उत्तरे दुसऱ्याने ओळखायची आणि जितकी जुळतील तितके गुण द्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. म्हणजे आपलाच खेळ. क्रॉनबॅक यांनी दाखवून दिले की, या एका आकड्यात अनेक भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. आपल्या खेळापुरत्या त्यांतील तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट सर्वसाधारण समजुतीची. ‘भाऊजींना सकाळी काय लागते, चहा, कॉफी, दूध की सरबत?’ असे विचारले तर त्या गृहस्थांना कधीही न पाहिलेला माणूससुद्धा ‘चहा’ असे लिहील आणि बहुधा गुण मिळवील. यात नवऱ्याची ओळख नाही. चारचौघांची ओळख आहे.

दुसरी गोष्ट साम्याची. बायकोला डोंगरापेक्षा समुद्रकिनारा आवडतो. नवऱ्याला काय आवडते याचा तिने कधी विचारच केलेला नाही; ती आपल्यावरून त्याच्याविषयीही तेच लिहिते. योगायोगाने त्यालाही समुद्रच आवडतो. उत्तर जुळले, पण ते माहितीमुळे जुळलेले नाही. आपल्यासारख्या माणसाशी लग्न झाल्याचा तो फायदा आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे खरी ओळख. चारचौघांपेक्षा आणि आपल्यापेक्षाही जोडीदार जेथे वेगळा आहे, ती जागा ठाऊक असणे. पाहुण्यांसमोर पुरणपोळीचे कौतुक करणाऱ्या बायकोला मनातून दुसऱ्या दिवशीची कटाची आमटी अधिक प्रिय आहे, हे ज्याला माहीत आहे त्याने तिला पाहिले आहे.

गुणांची फेरतपासणी

मग ही खरी ओळख वेगळी कशी काढावी? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे, आणि ती वर्गातही करून पाहता येईल. समजा, पाच जोडपी आहेत, दहा प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत. प्रत्येक बायकोने आपल्या नवऱ्याची उत्तरे ओळखायची. नेहमीप्रमाणे गुण दिल्यावर आणखी एक काम करायचे. तिने लिहिलेली तीच उत्तरे उरलेल्या चार नवऱ्यांच्या उत्तरांशीही ताडून पाहायची. परक्या पुरुषांशी तिची जी उत्तरे जुळतील ती अर्थातच ओळखीमुळे जुळलेली नसणार.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या बाईंना स्वतःच्या नवऱ्याबाबत १० पैकी ७ गुण मिळाले. तीच उत्तरे इतर चार नवऱ्यांशी ताडली तेव्हा ५, ४, ५ आणि ६ जुळली. म्हणजे सरासरी ५. तेव्हा त्यांची खास ओळख ७ वजा ५, म्हणजे २ गुणांची. दुसऱ्या बाईंना ५ गुणच मिळाले. परंतु इतर नवऱ्यांशी त्यांची उत्तरे २, १, ३ आणि २ अशीच जुळली, सरासरी २. त्यांची खास ओळख ३ गुणांची भरली. समारंभात बक्षीस पहिल्या बाई घेऊन गेल्या असत्या. ओळख मात्र दुसऱ्या बाईंची अधिक आहे. त्यांचा नवरा चारचौघांसारखा नाही, एवढाच त्यांचा दोष. विक्षिप्त माणसाशी संसार करणाऱ्यावर हा खेळ नेहमीच अन्याय करतो.

शिवाय चार पर्याय असताना डोळे मिटून उत्तरे लिहिली तरी दहात सरासरी अडीच गुण मिळतात, हेही विसरता कामा नये.

वर्षे वाढली म्हणजे ओळख वाढते का?

‘पंचवीस वर्षे संसार केला, याच्या मनात काय आहे ते मला न सांगता कळते,’ असे आपण ऐकतो. यातील दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत : कळणे आणि कळते असे वाटणे. टेक्सास विद्यापीठातील विल्यम स्वान आणि त्यांचे सहकारी मायकेल गिल यांनी १९९७ साली या प्रश्नावर संशोधन प्रसिद्ध केले. संबंध जितका दीर्घ आणि निकटचा, तितका जोडीदाराविषयीच्या उत्तरांबद्दलचा विश्वास वाढतो. परंतु उत्तरांची अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, असे त्यांना आढळले.

२०११ साली शायबेहेने, माता आणि टॉड या संशोधकांनी तरुण आणि वृद्ध जोडप्यांची तुलना केली. तरुण जोडपी साधारण दोन वर्षे एकत्र होती, तर वृद्ध जोडप्यांचा सहवास सरासरी चाळीस वर्षांचा होता. जोडीदाराला कोणते खाद्यपदार्थ, कोणते चित्रपट, स्वयंपाकघराची कोणती रचना आवडेल हे ओळखायचे होते. तरुण जोडप्यांची उत्तरे अधिक बरोबर आली, आणि आपल्या उत्तरांविषयीचा फाजील विश्वास वृद्धांमध्ये अधिक दिसला. अर्थात, येथे एकाच जोडप्याला चाळीस वर्षे पाहिलेले नाही. दोन वेगळ्या पिढ्या तुलनेला घेतल्या आहेत. त्यामुळे वर्षांमुळेच ओळख कमी झाली, असा निष्कर्ष घाईने काढू नये. पण वर्षांमुळे ती आपोआप वाढत नाही, एवढे तरी म्हणता येईल.

त्याच वर्षी केनेथ सॅविट्स्की, बोआझ केसार, निकोलस एपली आदींचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी जोडप्यांना एकमेकांकडे पाठ करून बसविले आणि अनेक अर्थ निघतील अशी रोजची वाक्ये बोलावयास सांगितली. आपल्या बोलण्याचा रोख परक्यापेक्षा जोडीदाराला अधिक कळेल, असे बोलणाऱ्याला वाटत होते. प्रत्यक्षात जोडीदार परक्यापेक्षा सरस ठरला नाही. यामागील कारण आपल्या अनुभवातलेच आहे. परक्याशी बोलताना आपण फोड करून सांगतो. घरच्या माणसाशी बोलताना ‘त्याला कळेलच’ म्हणून अर्धे वाक्य गिळतो. ‘आज फार दमले’ या तीन शब्दांत ‘स्वयंपाकाचे तू बघ’ हे आलेच, असे बोलणारी समजते. ऐकणारा ‘मग लवकर झोप’ म्हणतो, आणि दोघेही दुखावतात.

गुण आणि प्रेम

दुसरे विधान राहिले. अधिक अचूक ओळख म्हणजे अधिक प्रेम का? सांड्रा मरे, जॉन होम्स आणि डेल ग्रिफिन यांच्या १९९६ मधील संशोधनात असे दिसले की, जोडीदार स्वतःला जितका चांगला समजतो त्याहून थोडा अधिक चांगला त्याला समजणारी माणसे आपल्या संबंधात अधिक समाधानी असतात. म्हणजे थोडी सुखद चूकही संसाराला मानवते. याउलट १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात जॉन गॉटमन यांनी जोडीदाराच्या जगाचा एक नकाशा मनात असावा, त्याच्या काळज्या, त्याची माणसे, त्याच्या आशा ठाऊक असाव्यात, असे आग्रहाने सांगितले आहे. हे दोन विचार वरवर विरोधी वाटले तरी तसे नाहीत. स्वभावाचे मोजमाप करताना माया असावी. आयुष्याची माहिती मात्र खरी असावी. गॉटमन यांचा भर हा नकाशा वेळोवेळी नवा करण्यावर आहे, हे विशेष. माणूस बदलतो, आणि दहा वर्षांपूर्वीचे बरोबर उत्तर आज चूक असते.

येथे आपल्या घरांकडे पाहून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. समारंभात बायकांची उत्तरे पटापट येतात आणि नवरे डोके खाजवतात, हे आपण पाहतो व हसतो. पण ही गंमत कोठून येते? जी वाढते तिला कोणाला काय लागते हे ठाऊक असावेच लागते; ज्याला वाढले जाते त्याला ठाऊक नसून चालते. तो उठून गेल्यावर ती जे उरेल ते खाते, आणि तिला काय आवडते हे पाहायला पंगतीला कोणी उरतच नाही. कित्येक बायकांना ‘तुम्हाला काय आवडते?’ हा प्रश्न त्या खेळातच प्रथम विचारला गेलेला असतो, आणि त्या क्षणभर गोंधळतात. त्या वेळी दोघांच्या पाटीवरील शब्द जुळतात की नाही, यापेक्षा ती पाटी इतकी वर्षे कोरी का राहिली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

खेळ कसा खेळावा

तात्पर्य, हा खेळ टाकून द्यावा असे मुळीच नाही. तो थोडा विचाराने खेळावा. प्रश्न असे काढावेत की, ज्यांची उत्तरे चारचौघांवरून ओळखता येणार नाहीत. माहेर, कमाई, रंगरूप, मूलबाळ यांवरील प्रश्न चारचौघांत कटाक्षाने टाळावेत. सभागृहातील हशा पाच मिनिटांत विरतो, पण सासरच्या माणसांपुढे चुकलेले उत्तर पुढे कित्येक महिने टोमणा होऊन राहते. ‘आदर्श जोडपे’ ही पदवी तर देऊच नये, कारण ती देण्याइतके या गुणांत बळ नाही, हे वर पाहिलेच आहे.

आणि एक नियम नव्याने घालावा. जेथे उत्तर चुकेल तेथे पुढच्या प्रश्नाकडे न धावता, ज्याचे उत्तर चुकले त्याने जोडीदाराला ‘असे का?’ म्हणून विचारावे आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. जुळलेल्या उत्तराने दोघांना नवीन काहीच कळत नाही. आधीच ठाऊक असलेले चारचौघांत दिसते इतकेच. न जुळलेले उत्तर मात्र जोडीदाराविषयी काहीतरी नवे सांगत असते. सुपारीच्या जुन्या खेळात बंद मूठ उघडण्याचे जे काम होते, ते या नव्या खेळात चुकलेल्या उत्तराकडून करून घेता येईल.