वर्षभराचे वाचन : पाच ग्रंथ आणि एक प्रश्न

पुस्तके वाचावी, असे विद्यार्थ्यांस वारंवार सांगितले जाते. वाचलेल्या पुस्तकाविषयी स्वतःचे मत कसे बनवावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे ‘आवडलेल्या पुस्तकाविषयी लिहा’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच मजकूर आढळतो : भाषा सोपी व ओघवती आहे, पुस्तक बोधप्रद आहे, प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे. ही वाक्ये कोणत्याही पुस्तकास लागू पडतात. म्हणूनच त्यांतून कोणत्याही पुस्तकाची ओळख पटत नाही.

गेल्या वर्षभरात वाचनात आलेल्या पाच ग्रंथांविषयी माझे मत येथे मांडण्याचे योजिले आहे. त्यांत एक प्रवचनांचा संग्रह आहे, एक आत्मचरित्र, एक जुन्या पत्रांचा खंड, एक कादंबरी व एक गाण्यांचे पुस्तक. पाचांपैकी चार ग्रंथांचा आपल्या खानदेशाशी निकटचा संबंध आहे. इतक्या भिन्न जातींच्या ग्रंथांस एकच माप लावणे कठीण. तथापि एक प्रश्न प्रत्येकास विचारता येतो, आणि तो मी विचारला : हा ग्रंथ कोणाशी बोलतो आहे?

१. गीता प्रवचने. – १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने त्यांनी मराठीतून केली. आणि त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. शिरपुराहून तापी ओलांडून धुळ्यास जाणाऱ्या कितीजणांस ही गोष्ट ठाऊक असेल? ह्या ग्रंथातील वक्ता मोठा व्यासंगी आहे. पण त्याची दृष्टी पोथीवर नसून समोर बसलेल्या माणसांवर आहे. म्हणून सिद्धान्त येतो तो घरातल्या व रोजच्या व्यवहारातल्या दृष्टान्ताचे बोट धरून. माझा एकच आक्षेप आहे. दृष्टान्त इतके गोड की विचार पुरता समजण्यापूर्वीच वाचक मान डोलवू लागतो. ह्यावर उपाय म्हणजे प्रवचने जशी झाली तशीच वाचावी; आठवड्यास एक, अधिक नाही.

ज्याने अठरा रविवार दुसऱ्याचे बोलणे कान देऊन टिपले, त्याने पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिताना बेचाळीस रात्रींच्या कथनाचा घाट निवडावा, हेही मला अर्थपूर्ण वाटते.

२. स्मृतिचित्रे. – लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांचे हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. वडिलांचे टोकास गेलेले सोवळे, कवी पती नारायण वामन टिळक ह्यांचा लहरी व उदार स्वभाव, १८९५ साली त्यांनी केलेला धर्मबदल, त्यानंतरची ताटातूट आणि पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः घेतलेला निर्णय – इतकी उलथापालथ एका आयुष्यात झाली. दुसऱ्या कोणी हीच हकीकत सांगितली असती, तर आवाज चढला असता. लक्ष्मीबाई स्वतःच्या भीतीला व अज्ञानाला मनसोक्त हसतात, आणि ज्यांनी दुखविले त्यांनाही कथेत माणूस म्हणूनच वागवितात. ओसरीवर बसून शेजारणीस सांगावे, तसे हे सांगणे आहे. कालक्रम मात्र वाचकास स्वतःच जुळवावा लागतो. शेजारी सालवारीचा कागद ठेवून वाचल्यास सोयीचे जाईल. मराठी आत्मचरित्रांत मी ह्यास पहिले स्थान देईन.

३. मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड पहिला. – इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून जमविलेल्या कागदपत्रांचा हा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. पुढे असे एकूण बावीस खंड निघाले. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले व पुढल्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. हा ग्रंथ शालेय विद्यार्थ्यांस अवघड आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. शब्द जुने, वाक्ये तुटक, आणि संदर्भ ठाऊक नसल्यास पान पुढे सरकत नाही. तरीही त्यातील पाचदहा पत्रे शिक्षकांजवळ बसून अवश्य वाचावी. पानिपताच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांस पैशासाठी व रसदेसाठी तगादा लावतात. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी काय होणार, हे लिहिणारास ठाऊक नाही, आपणांस आहे. पाठ्यपुस्तकातील पानिपत म्हणजे एक तारीख. ह्या पत्रांत ती एका माणसाची दुसऱ्याजवळची निकड होते. ही पत्रे आपल्यासाठी लिहिलीच नव्हती, म्हणून त्यांवर विश्वास बसतो.

४. कोसला. – जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे ह्यांची ही पहिली कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखकास पुढे २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. खानदेशातील खेड्यातून पांडुरंग सांगवीकर पुण्यास कॉलेजात जातो, वसतिगृहाचे उद्योग अंगावर घेतो, वडिलांचा पैसा उधळतो, परीक्षेत अपयश घेतो आणि गावी परततो. घटना एवढ्याच. पहिली शंभर पाने वाचताना हसू आवरत नाही. मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि तोच थट्टेखोर आवाज कोठे बसावे हे न कळल्यासारखा होतो. बरोबरीच्या मित्रास रात्री उशिरा सांगावे, तशी ही भाषा आहे. पुस्तक बोधप्रद आहे काय? रूढ अर्थाने नाही. शेवटी कोणताही धडा हाती येत नाही, आणि मधला काही भाग मला लांबलेला वाटला. तरी शाळा संपवून पुण्या-मुंबईस निघालेल्या मुलाने व त्याच्या वडिलांनीही हे पुस्तक वाचावे. घरी जी पत्रे लिहिली जात नाहीत, त्यांत काय असते, ते येथे सापडेल.

५. बहिणाबाईंची गाणी. – जळगावजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्या गात. पुत्र सोपानदेव व एक आप्त ह्यांनी त्यांतली काही गाणी वेळोवेळी टिपून ठेविली. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ साली ग्रंथरूप झाली, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. सुगरणीचा खोपा, विहिरीवरची मोट, घरोट, पेरणी – जे हाताखाली आहे त्याविषयीच त्या बोलतात. कधी जात्याशी, कधी देवाशी, कधी स्वतःच्या मनाशी. स्पर्धांतून ठराविक तीनचार गाणी सुरात म्हटली जातात व बाकीची पाने कोरी राहतात, ह्याचे वाईट वाटते. ह्या पुस्तकातील खानदेशी शब्दांसाठी पुण्याच्या वाचकास टिपांचा आधार घ्यावा लागतो. आपल्या तालुक्यातील कित्येक मुलांना तो आजीस विचारून मिळेल.

आता त्या एका प्रश्नाकडे वळू. पाचही ग्रंथांसमोर कोणीतरी ऐकणारा आहे : रविवारचा श्रोता, शेजारीण, दूरचा सरदार, मित्र, जाते. बोलण्यातील जिवंतपणा कागदावर शिल्लक राहिला, म्हणून हे ग्रंथ टिकले. त्यांतील दोन तर अशा स्त्रियांचे आहेत, ज्यांना शाळेचे दार कधी उघडले नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, ह्यातून आपणांस घेण्यासारखे पुष्कळ आहे. शिरपूर तालुक्यातील घरांत अहिराणी बोलली जाते, पावरी बोलली जाते, गुजरी बोलली जाते. आणि शाळेच्या पायरीवर मूल ती बोली बाहेर ठेवून आत येते. मग निबंधात त्यास काही सुचेनासे होते. प्रमाण मराठी उत्तम शिकलीच पाहिजे. पण निबंध लिहावयास बसताना एखादा ऐकणारा डोळ्यांसमोर धरावा. वाचनाची एक वही ठेवावी आणि प्रत्येक पुस्तकाखाली तीन गोष्टी लिहाव्या : ते कोणाशी बोलते, कोठे पटले, कोठे पटले नाही.

शेवटची विनंती अशी. सोपानदेवांनी गाणी टिपली नसती, तर आज बहिणाबाईंचे नावही आपल्या कानी आले नसते. आपल्या घरीही लग्नात, आखाजीस, जात्याची आठवण काढून कोणी म्हातारी गात असेल. येत्या सुटीत तिच्याजवळ बसून दहा गाणी, ती म्हणते त्याच शब्दांत, वहीत उतरवून आणावी.