तारेचे काम शिकूनच करावे

गावात वीज गेली की आपण म्हणतो, "वायरमनला बोलवा." तो खांबावर चढतो, तार जोडतो, दिवे लागतात. आपल्याला वाटते, हे काय, कोणालाही जमेल! पण मंडळी, तसे नाही.

घरातली वीज 230 व्होल्टची. तीसुद्धा जीव घेते. डी.पी.कडे येणारी मोठी लाईन तर 11,000 व्होल्टची! वायरमनच्या मागे हिंडून काही पोरे खांबावर चढू लागतात. आम्ही सांगतो, हे शिक्षण नव्हे.

मग शिकावे कसे? मुलगा असो वा मुलगी, आधी दहावी पास व्हावे. मग आय.टी.आय.मध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचे काम 2 वर्षे शिकावे. त्यानंतर वीज कंपनीत शिकाऊ उमेदवार व्हावे. यासाठी 1961 सालचा कायदा आहे. शिकताना दरमहा विद्यावेतन मिळते. शेवटी परीक्षा होते. पास झाल्यास प्रमाणपत्र मिळते.

उमेदवारीतला मोठा धडा असा :

1. आधी लाईन बंद करवून परमिट घ्यावे.
2. तारेत वीज नाही ना, हे तपासावे.
3. तार जमिनीला जोडावी, म्हणजे अर्थिंग करावे. कोणाच्या जनरेटरची वीज उलटी तारेत येऊ शकते.
4. हातमोजे, टोपी, कमरेचा पट्टा घालावा. मगच तारेला हात लावावा.

लोक ओरडोत, पाऊस येवो, यातले एकही काम टाळू नये. आपणही वायरमनला घाई करू नये. तासभर अंधार सोसता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.